व्हिक्टोरिया क्रॉस : साम्राज्याचे पदक, भारतीयांचे शौर्य



व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक दिसायला अगदी साधे आहे. त्यात सोने नाही, रत्ने नाहीत, मीनाकारी नाही. काळपट ब्राँझचा एक क्रूस, वजनाला जेमतेम सव्वादोन तोळे, त्यावर मुकुट आणि सिंह, खाली ‘शौर्यासाठी’ एवढाच अर्थ सांगणारे दोन इंग्रजी शब्द. मूळ मसुद्यात ‘शूरांसाठी’ असे होते. राणी व्हिक्टोरियाने ते बदलायला लावले, कारण मग ज्यांना पदक नाही ते भ्याड, असा अर्थ निघाला असता. ही दुरुस्ती मार्मिक होती, हे मान्य केले पाहिजे. हे ब्राँझ क्रिमियाच्या युद्धात सेबास्तपोल येथे हस्तगत केलेल्या रशियन तोफांचे, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. पुढे धातूची तपासणी झाली, तेव्हा निदान काही पदकांचा धातू चिनी तोफांचा निघाला. साम्राज्याच्या दंतकथा अशाच असतात. त्यांचा मुलामा वरून चढवलेला असतो.

या पदकाची राजाज्ञा निघाली २९ जानेवारी १८५६ रोजी. तोवर इंग्लंडमध्ये युद्धातील मानसन्मान प्रायः सरदार-उमरावांच्या घरातून आलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वाट्याला येत. क्रिमियात सामान्य शिपाई थंडीने, पटकीने आणि अव्यवस्थेने मेला. ‘टाइम्स’चा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल याने ते सारे इंग्लंडच्या घराघरांत पोहोचवले. लोकांत संताप होता. त्या संतापाचे एक फळ म्हणजे हे पदक. त्यात हुद्द्याचा भेद नव्हता. लेफ्टनंट असो वा साधा शिपाई, शत्रूसमोर केलेली अलौकिक कृती एवढाच निकष. त्या काळाच्या इंग्लंडमध्ये ही मोठीच गोष्ट होती.

पण समतेच्या या पदकाला एक कुंपण होते. ते पुढे येईलच.

पहिला समारंभ लंडनच्या हाइड पार्कमध्ये २६ जून १८५७ रोजी झाला. राणीने घोड्यावर बसूनच ६२ वीरांच्या छातीवर पदके लावली. तो दिवस ध्यानात घ्यावा. त्याच सुमारास, त्याच दिवशी, कानपुरात जनरल व्हीलर आपल्या मातीच्या तटबंदीत अन्नपाण्यावाचून टेकीला आला होता आणि नानासाहेब पेशव्यांच्या बाजूशी ठाणे सोडण्याच्या अटी ठरवत होता. लंडनच्या हिरवळीवर क्रिमियाचे कौतुक चालले असता हिंदुस्थानात साम्राज्याचा पायाच हादरत होता. लंडनला त्याची पुरती कल्पना यायला अजून आठवडे जायचे होते.

क्रिमियाच्या युद्धात एकूण १११ क्रॉस दिले गेले. आणि ज्या लढ्याला स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९०९च्या आपल्या ग्रंथात ‘स्वातंत्र्यसमर’ हे त्याचे खरे नाव दिले, त्या १८५७-५८च्या लढ्यासाठी १८२. रशियासारख्या महासत्तेशी झालेल्या युद्धापेक्षा अधिक. १६ नोव्हेंबर १८५७ या एकाच दिवशी, बहुतांश लखनौच्या सिकंदरबाग आणि शाह नजफ परिसरातील लढाईत, २४ क्रॉस मिळवले गेले. एका दिवसातील एवढी संख्या पुढे दोन महायुद्धांतही कधी झाली नाही. इंग्रज लेखक या लढ्याला दीर्घकाळ ‘काही शिपायांची भाऊगर्दी’ म्हणत आले. भाऊगर्दी मोडायला १८२ व्हिक्टोरिया क्रॉस लागत नाहीत. त्यांच्याच पदकांची यादी त्यांच्या इतिहासलेखनाविरुद्ध साक्ष देते.

या यादीतील एक नोंद महाराष्ट्राने विशेष वाचावी अशी आहे. १७ जून १८५८. स्थळ ग्वाल्हेरजवळचे कोटा-की-सराय. ब्रिगेडियर स्मिथच्या हाताखालील आठव्या हुसार घोडदळाने त्या दिवशी मुसंडी मारली. त्याच रणधुमाळीत झाशीची राणी लक्ष्मीबाई, मोरोपंत तांब्यांची लेक, घोड्यावर स्वार होऊन लढत असता प्राणांतिक जखमी झाली. (राणीच्या वीरमरणाचा दिवस काही ठिकाणी १७, तर काही ठिकाणी १८ जून दिला जातो.) त्या एका मुसंडीबद्दल आठव्या हुसारला चार व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले : कॅप्टन क्लेमेंट हेनेज, सार्जंट जोसेफ वॉर्ड, नालबंद जॉर्ज हॉलिस आणि शिपाई जॉन पिअर्सन. ही चार नावे कशी ठरली, तेही पाहण्यासारखे आहे. मूळ राजाज्ञेत एक कलम असे होते की, एखाद्या तुकडीतील सर्वांनीच सारखे शौर्य गाजवले असेल, तर तुकडीने मतदानाने आपले प्रतिनिधी निवडावेत. अधिकाऱ्यांनी एक अधिकारी, हवालदारांच्या श्रेणीने त्यांच्यातला एक आणि साध्या शिपायांनी दोन. हुसारांनी तसे मतदान केले. म्हणजे त्या दिवशी शौर्य कोणा एकाचे नव्हते, अख्ख्या रिसाल्याचे होते, असे त्यांचेच म्हणणे. एका तेवीस-चोवीस वर्षांच्या, काहींच्या मते तिशीच्या आतल्या, स्त्रीच्या सेनेला मोडण्यासाठी अख्ख्या रिसाल्याने शर्थ करावी लागली, आणि त्यातून कोणाला निवडावे हे मतदानाने ठरवावे लागले. झाशीच्या राणीची थोरवी सांगायला भारतीयांना इंग्रजी दाखल्याची गरज नाही. पण दाखला आहे.

आता त्या कुंपणाकडे वळू.

मूळ राजाज्ञा राणीच्या सैन्यापुरती आणि आरमारापुरती होती. १८५७ मध्ये कंपनीच्या फौजा लढू लागल्या, तेव्हा २९ ऑक्टोबर १८५७च्या आज्ञेने कंपनीच्या सैन्यातील गोरे अधिकारी आणि गोरे शिपाई तिच्या कक्षेत आले. काळे शिपाई नाहीत. वर्षभराने आणखी एक पाऊल पडले. १३ डिसेंबर १८५८ रोजी असे ठरले की, हिंदुस्थानातील ‘बंडखोरां’विरुद्ध स्वयंसेवक म्हणून शस्त्र धरलेल्या बिगर-लष्करी माणसांनाही हा क्रॉस मिळू शकेल. सैनिकी पदकाचे दार मुलकी माणसांसाठी उघडले ते असे. आणि ते उघडले हिंदुस्थानामुळे.

या दारातून कोण आत आले? दोघे बिहारमधील मुलकी अधिकारी. जुलै १८५७च्या अखेरीस आरा येथे वेढ्यात सापडलेल्या इंग्रजांच्या सुटकेसाठी कॅप्टन डनबरची सुमारे चारशेंची तुकडी निघाली. जगदीशपूरच्या ऐंशीच्या घरातील बाबू कुँवरसिंहांच्या लोकांनी तिला रात्री आंबराईत गाठले. निम्म्याहून अधिक सैनिक मारले गेले वा घायाळ झाले, उरलेले पळाले. त्या पळापळीत रॉस मॅंगल्स या तरुण साहाय्यक मॅजिस्ट्रेटने एका घायाळ शिपायाला पाठीवर घेऊन मैलोन्‌मैल वाहिले. विल्यम मॅकडॉनेल या दुसऱ्या मॅजिस्ट्रेटने नदीत अडकलेल्या होडीच्या छपरावर चढून, गोळ्यांच्या वर्षावात, सुकाणूला बांधलेला दोर कापला. धाडस निर्विवाद होते. मात्र हेही नोंदवले पाहिजे की, मॅंगल्सचे वडील त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते. मुलकी माणसांना क्रॉस देण्याचा आग्रह कोणत्या दिवाणखान्यांतून झाला असेल, याची कल्पना करता येते.

तिसरा टॉमस कॅव्हॅनॉ. लखनौच्या कचेरीतील कारकुनी पेशाचा, धिप्पाड, लालसर केसांचा आयरिश माणूस. वेढ्यात अडकलेल्या रेसिडेन्सीतून बाहेर पडून, सर कॉलिन कॅम्पबेलच्या येणाऱ्या सैन्याला शहरातून वाट दाखवण्याचे काम त्याने अंगावर घेतले. ९ नोव्हेंबर १८५७च्या रात्री तोंडाला काजळी आणि तेल फासून, देशी कपडे घालून तो निघाला. गोमती नदी ओलांडली, क्रांतिकारकांच्या पहाऱ्यांतून वाट काढली आणि पहाटेपूर्वी कॅम्पबेलच्या चौकीवर पोहोचला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, रोख वीस हजार रुपये मिळाले, अयोध्या प्रांतात साहाय्यक कमिशनरची जागा मिळाली. पुढे आपण हा क्रॉस कसा मिळवला, यावर त्याने एक पुस्तकही लिहिले.

परंतु कॅव्हॅनॉ एकटा गेला नव्हता. त्याच्या बरोबर कनौजीलाल नावाचा एक भारतीय वाटाड्या होता. वाट त्याला ठाऊक होती. पहारेकऱ्यांशी बोलायचे त्याने. गोऱ्या माणसाच्या उच्चाराने घात होऊ नये म्हणून कॅव्हॅनॉने शक्य तो गप्पच राहायचे. पकडले गेले असते, तर दोघांची गत एकच झाली असती. किंबहुना कनौजीलालची अधिक वाईट. शिवाय त्याने तीच वाट आधी एकदा, रेसिडेन्सीत येताना, तुडवलेली होती. आपल्या देशबांधवांविरुद्ध हेरगिरी करणाऱ्या माणसाविषयी कोणाच्या मनात आदर उपजावा, असे मुळीच नाही. प्रश्न आदराचा नाही, हिशेबाचा आहे. त्याने ज्यांची चाकरी केली, त्यांच्याच मापाने मोजले तरी धाडस समान होते. क्रॉस मात्र एकालाच.

मुलकी वीरांच्या यादीत पुढे आणखी दोन नावे आहेत. जॉर्ज चिकन हा बिहारात लढलेला दर्यावर्दी स्वयंसेवक. पदक हाती पडण्यापूर्वीच १८६० मध्ये समुद्रात बुडाला. आणि रेव्हरंड जेम्स ॲडम्स हा सैन्यातील धर्मोपदेशक; डिसेंबर १८७९ मध्ये काबूलजवळ पाण्याच्या खंदकात घोड्यांखाली अडकलेल्या भालाइतांना त्याने ओढून काढले. पाद्री नियमांत बसत नव्हता, म्हणून १८८१ मध्ये खास त्याच्यासाठी नियम वाढवला गेला. कारकून बसला, मॅजिस्ट्रेट बसला, खलाशी बसला, पाद्रीसुद्धा बसला. त्यांच्या खांद्याला खांदा लावून मरणारा शीख, गुरखा, गढवाली, मराठा, डोगरा किंवा पठाण शिपाई काही बसला नाही.

इंग्रजांकडे याचे उत्तर होते, आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते. भारतीय शिपायांसाठी स्वतंत्र पदक आहे, असे ते सांगत. ते होते ‘ऑर्डर ऑफ मेरिट’. कंपनी सरकारने १८३७ मध्ये, व्हिक्टोरिया क्रॉसच्या १९ वर्षे आधी, ते सुरू केले. गोऱ्या शिपायाला शौर्याचे पदकच ठाऊक नव्हते, त्या काळी भारतीय शिपायाला ते होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. निळ्या वर्तुळात दोन तलवारी असलेला आठ टोकांचा तारा, गडद निळ्या फितीला लाल किनार. त्याचे तीन वर्ग होते. पहिल्या पराक्रमाला तिसरा वर्ग. तो असलेल्याने पुन्हा तसाच पराक्रम केला तर दुसरा. आणि पुन्हा केला तर पहिला. तिसऱ्या वर्गाला पगाराच्या एक-तृतीयांश, दुसऱ्याला दोन-तृतीयांश आणि पहिल्याला दुप्पट पगार असा लाभ. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या गोऱ्या शिपायाला वर्षाला दहा पौंड मिळत. त्या मानाने ही तरतूद काही हलकी म्हणता येत नाही. १८३९ मध्ये गझनीच्या किल्ल्याचा काबूल दरवाजा सुरुंगाने उडवणाऱ्या बंगाल सफरमैना पलटणीच्या सुभेदार देवीसिंह यांचे नाव या पदकाच्या अगदी पहिल्या मानकऱ्यांत आहे. आणि पाचव्या गुरखा पलटणीचे सुभेदार किशनबीर नगरकोटी यांनी तर अफगाण युद्धात तिन्ही वर्ग पायरीपायरीने जिंकले, आणि १८८८च्या मोहिमेत चौथ्यांदा तसाच पराक्रम केल्यावर त्यांना देण्यासाठी वर्गच उरला नाही. सुवर्णपट्टी देऊन वेळ साजरी करावी लागली. असा मानकरी दुसरा झाला नाही.

तेव्हा पैशाची उणीव नव्हती. उणीव होती ती एकाच तराजूची. १४ सप्टेंबर १८५७ रोजी दिल्लीचा काश्मीरी दरवाजा उडवण्यासाठी सफरमैनांची एक तुकडी भर दिवसा, उघड्यावरून, दारूची पोती घेऊन धावली. तुकडीत गोरेही होते, भारतीयही. लेफ्टनंट होम, लेफ्टनंट सॉल्केल्ड, सार्जंट स्मिथ आणि बिगुलर हॉथॉर्न या चौघांच्या नावे व्हिक्टोरिया क्रॉस लागला. त्याच पोत्यांखाली, त्याच गोळ्यांत असलेल्या भारतीय सफरमैनांना ऑर्डर ऑफ मेरिट. दरवाजा एक, दारू एक, क्षण एक, पदके दोन. काश्मीरी दरवाजापाशी १८७६ मध्ये लॉर्ड नेपिअरने शिलालेख बसवला, त्यात हवालदार माधो, हवालदार तिलोकसिंह, शिपाई राम हेत अशी भारतीय नावेही कोरली. दगडावर ती एकत्र आली. पदकांच्या यादीत मात्र वेगळीच राहिली.

येथे एक बोचरा विचार टाळता येत नाही. माधो आणि तिलोकसिंह यांनी उडवला तो दरवाजा दिल्लीचा होता. आत लढत होते ते त्यांचेच देशबांधव. भारतीय शिपायाच्या शौर्याचा इतिहास साम्राज्याच्या चाकरीत असा दुभंगलेला आहे. बाहू आपले, निशाण परक्याचे. त्या बाहूंचा अभिमान बाळगताना निशाण विसरायचे नाही. आणि निशाणाच्या रागाने बाहूंना नाकारायचेही नाही. साऱ्या वासाहतिक लष्करी इतिहासाकडे पाहताना ही कसरत करावीच लागते. ती टाळणारे एकतर सगळ्यांना भाडोत्री ठरवतात किंवा सगळ्यांना राष्ट्रवीर. दोन्ही सोपे आहे.

सारागढीचे उदाहरण घ्यावे. १२ सप्टेंबर १८९७. लॉकहार्ट आणि गुलिस्तान या दोन किल्ल्यांमधील एक चिमुकली संदेश-चौकी. हवालदार ईशरसिंह आणि ३६व्या शीख पलटणीचे वीस जण. समोर हजारो आफ्रिदी आणि ओरकझाई. आरशाच्या उजेडाने संदेश पाठवणारा गुरमुखसिंह अखेरपर्यंत संदेश पाठवत राहिला, मग परवानगी मागून त्याने आरसा आवरला आणि बंदूक उचलली. २१ पैकी एकही परतला नाही. सगळ्यांच्या नावे ऑर्डर ऑफ मेरिट जाहीर झाले, प्रत्येक कुटुंबाला ५०० रुपये आणि दोन मुरब्बे जमीन मिळाली. त्या काळच्या प्रघातानुसार मेलेल्याला व्हिक्टोरिया क्रॉस कोणत्याच गोऱ्यालाही मिळत नसे. तो नियम पुढे १९०२ पासून सैल होत गेला. म्हणजे या २१ जणांच्या बाबतीत भारतीय पदक उलट अधिक उदार ठरले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. चौकीत एक लढवय्या नसलेला सेवकही होता. तोही मेला. २१ च्या यादीत तो नाही. श्रेणी सगळीकडेच असते, आपल्याकडेही.

१९०२ मध्ये राजा सातव्या एडवर्डने इंग्लंडमध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ नावाचा नवा सन्मान विद्वान आणि कर्तबगारांसाठी सुरू केला. नावाचा घोळ नको म्हणून ६५ वर्षांच्या जुन्या भारतीय पदकाच्या आधी ‘इंडियन’ हा शब्द जोडला गेला. थोरल्याने धाकट्यासाठी नाव बदलायचे! त्याच वर्षी त्याचा एक मुलकी विभागही निघाला. पण तो क्वचितच कोणाला दिला गेला.

अखेर २१ ऑक्टोबर १९११च्या राजाज्ञेने भारतीय सैनिक व्हिक्टोरिया क्रॉसला पात्र ठरले आणि डिसेंबरात दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने ती घोषणा केली. मुलकी गोऱ्यासाठी दार उघडले त्याला ५३ वर्षे होऊन गेली होती. ही राजाची कृपा म्हणून वाजतगाजत सांगितली गेली. पण वंगभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघाला होता, त्याच दरबारात वंगभंगही रद्द करावा लागला, हे ध्यानात घेतले म्हणजे कृपेचा उगम कळतो.

तीन वर्षांत महायुद्ध पेटले. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममधील होलबेक येथे १२९व्या बलुची पलटणीच्या खुदादाद खानांनी, तोफखान्यातले सगळे सोबती मेल्यानंतरही, घायाळ अवस्थेत मशीनगन चालू ठेवली. व्हिक्टोरिया क्रॉसचे ते पहिले भारतीय मानकरी. त्यानंतर महिनाभराने फ्रान्समध्ये फेस्त्युबेर येथे गढवाल रायफल्सचे नायक दरवानसिंह नेगी यांनी डोक्याला दोन जखमा असतानाही खंदकाचे एकेक वळण संगिनीने मोकळे केले. ५ डिसेंबरला राजाने स्वतः आघाडीवर येऊन त्यांच्या छातीवर क्रॉस लावला. राजाने काय हवे विचारले, तेव्हा दरवानसिंहांनी आपल्यासाठी काही न मागता कर्णप्रयागला शाळा मागितली, असे गढवालात सांगतात. त्यांचेच आडनाव लावणारे गबरसिंह नेगी न्यूव्ह शापेलला मार्च १९१५ मध्ये पडले. त्यांच्या पत्नीने पुढे आयुष्यभर तो क्रॉस आपल्या साडीवर लावला. टिहरी गढवालच्या चंबा येथे त्यांच्या नावाने जत्रा भरते.

त्या महायुद्धात भारतीय सेनेतील ११ शिपायांनी आणि देशी अधिकाऱ्यांनी, त्यांत नेपाळचे दोन गुरखेही आले, हा क्रॉस मिळवला. पण छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस असलेला सुभेदार काल आलेल्या वीस वर्षांच्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटपुढे टाचा जुळवून उभा राही. राजाचे कमिशन त्याला नव्हते. ऑगस्ट १९१७ मध्ये पहिल्या नऊ भारतीयांना ते मिळाले. सैन्यभरतीला मदत करण्याच्या बदल्यात भारतीयांना अधिकारपदे हवीत, अशी अट लोकमान्य टिळकांनी घातली होती. तिचा अर्थ या पार्श्वभूमीवर नीट कळतो. टिळकांना पदक नको होते, हुद्दा हवा होता.

दुसऱ्या महायुद्धात हे पदक महाराष्ट्राच्या दोन गावांत आले. तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील पळसगावचे नायक यशवंत घाडगे. वय अवघे २२. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे सोडून सगळे पडले. ते एकटे धावून गेले, हातबाँब फेकला, तोफ चालवणाऱ्याला मारले. बंदुकीत गोळ्या भरायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक उलटी धरून दस्त्याने उरलेल्यांना झोडपले. दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तेथेच त्यांचा अंत झाला. २०२३च्या जुलैत इटलीतील मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. ज्यांच्या देशात ते लढले, त्यांना ते आठवले.

दुसरे नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमज गावचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या कंपनी कमांडरसह आघाडीचे जवळजवळ सगळे पडले होते. जाधवांनी दोन घायाळांना एकामागून एक उचलून, पाण्यातून आणि सुरुंगांतून, मागे आणून सोडले. मग पुन्हा परत गेले आणि शत्रूच्या तीन मशीनगन चौक्या एकट्याने बंद पाडल्या. हाताला गोळी लागून बंदूक धरता येईना, तेव्हा हातबाँब घेतले. शेवटी नदीच्या बांधावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली आणि हाताने खूण करून उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावले. लंडनच्या राजपत्रात त्या गर्जनेचा उल्लेख आहे. शब्द दिलेले नाहीत. मराठा पलटणीच्या कोणत्याही जवानाला ते विचारावेत. सोळाव्या लुईच्या नव्हे, सहाव्या जॉर्जच्या नव्हे, छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचा तो जयजयकार इटलीतल्या एका नदीकाठी झाला.

स्वतंत्र भारताने राज्यघटनेच्या १८व्या कलमाने पदव्या बंद केल्या, सैनिकी आणि विद्याविषयक सन्मान वगळून. इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट १९४७ मध्ये संपले. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र अस्तित्वात आले, १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू. मुलकी नागरिकांनाही मिळू शकणारे अशोक चक्र १९५२ मध्ये आले. परमवीर चक्राची आकृती रेखली ती सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने स्वित्झर्लंडच्या, विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून भारतीय झालेल्या, मराठी आणि संस्कृत शिकलेल्या, महाराष्ट्रातील संतांवर पुस्तक लिहिणाऱ्या. त्यांनी दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडलेले इंद्राचे वज्र निवडले. चार वज्रे, मध्ये राजचिन्ह. धातू पुन्हा ब्राँझच.

या पदकाचे पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा बडगामला हुतात्मा झाले होते. हयातीत ते स्वीकारणारे पहिले वीर म्हणजे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिये गावचे. १९४० मध्ये ते मुंबई सफरमैना पलटणीत साधे शिपाई म्हणून भरती झाले होते आणि पायरीपायरीने चढत स्वतंत्र भारताचे अधिकारी झाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या वाटेवर शत्रूने सुरुंग पेरले होते, झाडे पाडून रस्ता अडवला होता. राणे जखमी मांडीनिशी रणगाड्याखाली शिरले, रणगाड्याबरोबर सरपटत सुरुंग हुडकत गेले, आणि दोराने चालकाला ‘थांब’, ‘चल’ अशी खूण करत राहिले. ८ एप्रिलपासून ११ एप्रिलपर्यंत हे चालले. रणगाडे चिंगसला पोहोचले आणि राजौरीतील उरलेली माणसे वाचली.